दारात उभी राहू नकोस गं!

मांडवा, चोंढी, आवास, सासवणे या आमच्या पट्ट्यात घराघरांतले कुणी ना कुणी मुंबईला असतेच. कुणाची लेक ठाण्याला दिलेली, कुणाचा दीर कुर्ल्याला, कुणाची धाकटी नणंद डोंबिवलीला राहून फोर्टातल्या कचेरीत नोकरी करणारी. फोनवर खुशाली विचारून होते, पांढऱ्या कांद्याची माळ कुणाबरोबर पाठवायची ते ठरते, आणि फोन ठेवता ठेवता एक वाक्य ठरलेले असते : ‘‘आणि हे बघ, गाडीच्या दारात उभी राहू नकोस गं!’’

पलीकडचे उत्तरही ठरलेलेच. ‘‘नाही गं, मी आतच असते.’’

आता खरे सांगायचे तर सकाळी साडेआठच्या गाडीत आत असणे काय नि दारात असणे काय, ते त्या पोरीच्या हातात असते कुठे? गर्दीने जिथे नेऊन टेकवले तिथे ती उभी. डब्यात दर चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असा रेल्वेवाल्यांचाच हिशोब आहे. एक चौरस मीटर म्हणजे केवढा? आपल्या स्वयंपाकघरातला लहानसा ओटा. त्यावर चौदा बायका उभ्या केल्यात अशी कल्पना करून पाहा, म्हणजे आपल्या त्या वाक्याला किती अर्थ आहे ते कळेल.

आम्हां मांडवेकरणींना दाराची धास्ती काय असते ते कुणी शिकवायला नको. लाँच हलत असते, धक्का जागच्या जागी असतो, आणि एक पाय इथे नि एक पाय तिथे असा जो क्षण असतो तोच घातकी. एकदा बाकावर बसले की भरसमुद्रातही काही वाटत नाही. पण त्या क्षणाला तिथे एक माणूस उभा असतो. खलाशी. तो आधी पिशवी घेतो, मग मूल घेतो, मग आपला हात धरतो. ‘‘थांबा मावशी, लाट जाऊ दे... हं, आता या.’’ आणि त्याने ‘पुरे’ म्हटले की पुढची बाई कितीही घाईची असो, धक्क्यावरच थांबते. समुद्रावर अपघात होत नाहीत असे नाही. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून निघालेली एक बोट मांडव्याजवळ येऊन बुडू लागली, तेव्हा पोलिसांच्या गस्तीच्या बोटीने ८८ च्या ८८ प्रवासी वाचवले. सारा अलिबाग तालुका त्या दिवशी देवापुढे साखर ठेवीत होता. पुढे २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसे दगावली, आणि गेटवेच्या लाँचवर सगळ्यांनी जाकिटे घातलीच पाहिजेत अशी सक्ती आली. फुगीर जाकिटे घालून बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहून हसतात, पण घालतात.

सांगायचे ते हे, की बोटीच्या दाराला राखणदार आहे. रो-रोने भाऊच्या धक्क्याला उतरून डॉकयार्ड रोड स्टेशन गाठले की अर्ध्या तासात आपण अशा एका दारापाशी येतो, ज्याला राखणदार नाही.

आपल्या साध्या लोकलला दार आहे बरं का! चांगले लोखंडी, सरकते दार आहे. पण ते कायम बाजूला सरकवलेले. पावसाची झड आली की कुणीतरी ओढून घेते, एरवी ते असून नसल्यासारखे. याला कारणे आहेत. गाडी स्टेशनात थांबते वीस-तीस सेकंद. तेवढ्यात शंभर जणांनी उतरायचे, शंभर जणांनी चढायचे. त्यात दार उघडत-मिटत बसायचे कुणी? शिवाय डब्यात वारा येतो तो दारातूनच. उन्हाळ्यात दार ओढले तर आतल्या बायका गुदमरतील. मोटरमन पुढे, गार्ड पार शेवटच्या डब्यात. मधल्या बारा डब्यांच्या दारांत कोण कसे लोंबकळते आहे ते दोघांपैकी एकालाही धड दिसत नाही. दार सगळ्यांचे आणि म्हणून कुणाचेच नाही, अशी ही गत.

ती कशी अंगावर येते ते ९ जून २०२५ च्या सकाळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. सोमवार होता. साडेनवाच्या सुमारास मुंब्रा स्टेशनाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या, एक कसाऱ्याकडे, एक मुंबईकडे. दोन्हींच्या दारांत माणसे लटकलेली. माणसाला माणूस, पिशवीला पिशवी घासली आणि तेरा जण खाली पडले. त्यांतले पाच गेले. रेल्वेने बोट दाखवले ते पाठीवरच्या पिशवीकडे. रेल्वे पोलिसांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रुळांच्या देखभालीवरून दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. खरेखोटे कोर्टात ठरेल. मला मात्र त्या पिशवीचा राग येत नाही. त्या पिशवीत काय असते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक? पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, रुमाल. आपणच तर सकाळी सहाला उठून भरलेली असते ती.

मुंब्र्याची बातमी झाली कारण एका जागी, एका वेळी इतके जण पडले. एरवी एकेकटे पडतात, त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून जास्त माणसे मेली. जवळजवळ निम्मी रूळ ओलांडताना, आणि पाचशेहून जास्त चालत्या गाडीतून पडून. म्हणजे दिवसाला एकाहून जास्त. २०२४ च्या जून महिन्यात उच्च न्यायालयाने याच आकड्यांवरून रेल्वेला चांगले खडसावले होते.

मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की यापुढे मुंबईसाठी बनणाऱ्या सगळ्या नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारे असतील आणि जुन्यांनाही ती बसवू. बातमी वाचून आमच्याकडे एक आजी म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं काय झोपा काढल्या का?’’ आजींचा राग रास्त आहे. तरी प्रकरण वाटते तितके सोपे नाही. २०१५ च्या सुमारास पश्चिम रेल्वेने एका डब्याला अशी दारे लावून पाहिली होती. तो प्रयोग पुढे सरकला नाही. हवेचे काय करणार, हाच प्रश्न. तो वातानुकूलित गाडीत आपसूक सुटतो, म्हणून मिटत्या दारांची पहिली लोकल आली ती वातानुकूलितच, २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली-चर्चगेट मार्गावर. मध्य रेल्वेवर ती ३० जानेवारी २०२० ला ठाणे-वाशी-पनवेलच्या बाजूने सुरू झाली. साध्या गाडीसाठी आता जी रचना सांगितली आहे तिच्यात दारांनाच हवेसाठी झडपा, छतातून बाहेरची हवा आत घेणारे पंखे, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी वाट आहे. यांतली ती वाट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

हे मिटते दार चालते कसे? अगदी घरगुती उदाहरण देते. फ्रिजचे दार पुरते लागले की आत एक लहानसे बटण दाबले जाते आणि दिवा विझतो. दारात कोथिंबिरीची जुडी अडकली तर दिवा जळतच राहतो. तसाच एकेक स्विच या गाडीच्या प्रत्येक दाराला आहे. शेवटच्या डब्यातला गार्ड बटण दाबून दारे मिटवतो. (गार्ड म्हणायचे नाही आता, २०२२ पासून त्याचे सरकारी नाव ‘ट्रेन मॅनेजर’ आहे. पण आपल्या तोंडी गार्डच बसलेला.) सगळ्या स्विचांनी ‘लागले’ असे कळवले तरच गाडी निघू शकते. एका दारात एकीची पर्स आली की बारा डब्यांतली दोन-तीन हजार माणसे जागच्या जागी. म्हणजे दाराला राखणदार मिळाला खरा, पण तो गाडीच्या टोकाला बसलेला, आणि त्याचे डोळे म्हणजे हे स्विच. आपल्या खलाशासारखा हात धरायला तो जवळ नाही.

यंत्र म्हटले की ते रुसणारच. मिक्सर रुसतो, गॅसचा लायटर रुसतो, तसे दारही रुसते. गर्दीमुळे ते मिटतच नाही, हे तर नेहमीचे. मग पोलीस येतात, लोकांना आत ढकलतात किंवा खाली उतरवतात, गाडीला उशीर, मागच्या गाड्यांनाही उशीर. कधी दार खरोखरच बिघडते. तेव्हा तेवढे एक दार कुलूपबंद करून गाडी पुढे नेता येते. अशा वेळी ते दार तुमच्या स्टेशनावरही उघडत नाही. त्याच्यावर धडका मारीत उभे राहण्यात अर्थ नसतो, शेजारचे दार गाठायचे. म्हणूनच बिघडलेल्या दाराला पाठ लावून गप्पा मारीत बसू नये. स्टेशन यायच्या आधीच कुठले दार उघडते आहे त्याकडे लक्ष असावे.

पण मला अधिक भीती वाटते ती न मिटणाऱ्या दाराची नव्हे, मिटलेल्या दाराची. १४ डिसेंबर २०२३ ला दिल्ली मेट्रोच्या इंदरलोक स्टेशनात एका बाईंची साडी दारात अडकली. दाराला ते कळले नाही. हात, पाय, पिशवी, अशी जाड वस्तू आली तर दार मागे सरकते. साडीचे कापड ते काय, कागदाहून थोडे जाड. स्विचाने ‘लागले’ म्हणून कळवले, गाडी सुटली आणि त्या बाई फरफटत गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला. घरी लहान मुले होती. त्याआधी २०१९ च्या जुलैत कोलकाता मेट्रोच्या पार्क स्ट्रीट स्टेशनात एका प्रवाशाचा चक्क हात दारात राहिला, तरी गाडी चालू लागली, आणि तो गृहस्थ गेला. म्हणजे जाड वस्तू तरी दाराला दर वेळी कळेलच असे नाही.

आपल्याकडे पुरुषांच्या कपड्यांना लोंबते काही नसते. आपल्याला पदर आहे, ओढणी आहे, लांब पट्ट्याची पर्स आहे. मिटत्या दारांच्या गाडीत चढताना पदर पुढून घेऊन कमरेला खोचावा, अगदी भात लावायला शेतात उतरताना खोचतो तसा. ओढणी दोन्ही बाजूंनी मोकळी सोडू नये, गाठ मारावी किंवा सरळ पिशवीत घालावी. पर्स पोटाशी. आणि खांद्यावरच्या त्या पिना! चापून-चोपून नेसणाऱ्या मुली खांद्याला दोन-दोन, तीन-तीन पिना लावतात. दिसते छान, पण पदर कुठे अडकला तर तो सुटून येत नाही, बाईलाच ओढून नेतो. गाडीने जायचे असेल तर एकच पिन, आणि तीही सहज निसटेल अशी. कचेरीत पोचल्यावर काय लावायच्या त्या लावा. कापड अडकलेच तर साडी वाचवायला जाऊ नये. ओरडावे, दारावर जोराने थापा माराव्यात, पिन काढावी, पदर सोडून द्यावा. हजाराची पैठणी असो की वीस हजारांची.

डोंबिवलीची माझी एक भाची आहे. रोज ये-जा करते. तिला मी हे पिनांचे सांगितले तेव्हा म्हणाली, ‘‘आत्या, मी साडी नेसतेच कधी? पण ओढणीचं खरं आहे तुझं.’’ मग तिने तिची युक्ती सांगितली. चढल्याबरोबर ती दाराजवळची जागा सोडून दोन बाकांच्या मधल्या बोळात घुसते, बसायला मिळो न मिळो. उतरायचे स्टेशन यायच्या दोन स्टेशने आधी ‘‘पुढचं की त्याच्या पुढचं?’’ असे समोरचीला विचारत विचारत दाराकडे सरकते. बायकांच्या डब्यातली ही विचारपूस म्हणजे एक शिस्तच आहे, कुणी नेमून न दिलेली. कोण कुठे उतरणार ते सगळ्यांना ठाऊक होते आणि दाराशी झुंबड कमी होते. ‘‘आणि दारातच राहावं लागलं तर?’’ मी विचारले. ‘‘मग दांडा. दोन्ही हातांनी. फोन पिशवीत.’’ एवढेच म्हणाली.

दार मिटत नाही याचे दुःख आपण रोज पाहतो. दार उघडत नाही म्हणजे काय, ते जपानी लोकांना फार आधी कळले. योकोहामा शहरात साकुरागिचो नावाचे स्टेशन आहे. २४ एप्रिल १९५१ ला तिथे शिरणाऱ्या विजेच्या गाडीने पेट घेतला. दारे मिटलेली. खिडक्या अशा लहान तुकड्यांच्या, की त्यांतून मोठे माणूस बाहेर पडू शकेना. डब्यातून डब्यात जायचे दार आतल्या बाजूला उघडणारे, आणि त्यावर आतून माणसे रेटलेली. दार हाताने उघडायची कळ डब्यात होती, पण ती कुठे आहे हे प्रवाशांना कुणी सांगितलेच नव्हते. शंभराहून अधिक माणसे त्या पेटीत जळाली. त्यानंतर तिथे ती कळ कुठे आहे ते ठळक लिहू लागले आणि डब्याडब्यांना जोडणाऱ्या वाटा केल्या. नव्या गाड्यांतली ती वाट मला का महत्त्वाची वाटते ते आता ध्यानात आले असेल.

गोष्ट इथेच थांबती तर बरे होते. ३ मे १९६२ ला टोकियोत मिकावाशिमा स्टेशनाजवळ एका मालगाडीच्या अपघातात लोकल सापडली. घाबरलेल्या प्रवाशांनी आता माहीत झालेली ती कळ फिरवली, दारे उघडली आणि रुळांवर उतरून चालू लागले. समोरून दुसरी लोकल आली. त्या अपघातात एकूण १६० माणसे मेली. एका अपघातात कळ माहीत नव्हती म्हणून, दुसऱ्यात ती माहीत होती म्हणून!

दूरदेशीच्या कहाण्या म्हणून सोडून देऊ नका. १९९३ च्या ऑक्टोबरात आपल्या कांदिवलीजवळ हेच झाले. बायकांनी भरलेल्या लोकलमध्ये आग लागल्याची हाकाटी झाली, बायकांनी भराभर उड्या टाकल्या, आणि शेजारच्या रुळावरून गाडी आली. ४९ जणी गेल्या. त्या दिवशी दारे उघडीच होती. आणि २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये पुन्हा तेच : आगीची आवई, साखळी ओढली, लोक खाली उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. डझनभर माणसे गेली. आग लागलीच नव्हती.

म्हणून गाडी मध्येच थांबली, दिवे गेले, धूर दिसला, तर पहिली गोष्ट म्हणजे दुसऱ्या डब्यात जाता येत असेल तर तिकडे सरकावे. दाराजवळ गार्डशी बोलायचे बटण असते, ते दाबून नीट शब्दांत सांगावे : कुठला डबा, काय झाले. फोन असेल तर १३९ लावावा. दार हाताने उघडायची कळही दाराजवळच असते, तिच्यावर लिहिलेले असते. रोज जाणारीने एकदा रिकाम्या वेळी ती नीट बघून ठेवावी, आपण नव्या घरात गेल्यावर मेन स्विच कुठे आहे ते बघतो ना, तशी. पण ती फिरवायची ती डब्यात राहणे अशक्य झाले तरच. आणि उतरायची पाळी आलीच तर ज्या बाजूला शेजारी रूळ नाहीत त्या बाजूने, आधी मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहून. पहिली उडी टाकणारी बाई जे करते तेच मागच्या चाळीस जणी करतात. तेव्हा जरा थोराड, शांत आवाजाच्या बाईने ‘‘थांबा गं, आधी बघू द्या’’ असे दोनदा मोठ्याने म्हटले तरी पुष्कळ. हे काम तुमच्या-माझ्यासारखीचेच. शाळेच्या सहली सांभाळलेल्या मास्तरीणबाई असतील तर फारच उत्तम.

लहान मुले बरोबर असतील तर काळजी दाराची नाही तेवढी दाराखालच्या फटीची. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक कॉलेजात जाणारी मुलगी चढताना फलाट आणि गाडी यांच्या मधल्या पोकळीत गेली आणि दोन्ही हात गमावून बसली. त्यानंतर कोर्टाने कान उपटले आणि फलाटांची उंची नऊशे मिलिमीटरच्या वर नेण्याचे काम सुरू झाले. फट कमी झाली, मिटली नाही, वळणावरच्या फलाटांवर तर नाहीच. मूल चालते असले तरी चढता-उतरताना उचलून घ्यावे. बोट धरून ओढू नये. आणि दोघी असाल तर खलाशाचा क्रम लक्षात ठेवा : एक जण आत, मग पिशवी, मग मूल, मग दुसरी. मिटत्या दारांच्या गाडीत तर आई आत नि मूल फलाटावर असे होण्याची धास्ती मोठी. दार मिटण्याचा इशारा वाजू लागला की चढूच नये. पुढची गाडी येतेच.

‘‘पुढची गाडी येतेच,’’ असे इथे बसून म्हणणे सोपे आहे, हे मलाही कळते. उशीर झाला की मस्टरवर लाल शेरा, तीन लाल शेऱ्यांची अर्धी रजा. आणि खरे दुखणे तिथेच आहे. दार मिटले म्हणून गर्दी आटत नाही. बाहेर लटकणारी माणसे फक्त फलाटावर उरतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक रुळांवर आणि फलाटावर उतरून भांडले ते याच कारणाने. साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली, तिचा पास साध्या पासाच्या कित्येक पट, मग पुढच्या साध्या गाडीवर दुप्पट लोंढा. शेवटी मध्य रेल्वेला नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या लोकांना सुरक्षा नको होती असे थोडेच? त्यांना गाडी हवी होती. साध्या भाड्याच्या साध्या गाडीला मिटते दार येईल आणि गाड्यांची संख्याही वाढेल, तेव्हाच मुंब्र्याच्या वळणावरून सुखरूप जाता येईल. नुसते दार लावले तर अपघात गाडीतून फलाटावर जाईल, एवढेच.

यात आपल्या हाती अगदीच काही नाही असेही नाही. मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतल्या कचेऱ्यांना पत्रे लिहून कामाच्या वेळा थोड्या मागेपुढे करण्याची विनंती केली होती. आपल्यातल्या कुणाचे यजमान, कुणाचे भाऊ कचेरीत वरच्या जागेवर असतील. त्यांना जेवताना विचारून पाहा, ‘‘तुमच्याकडे साडेनवाऐवजी साडेदहा का नाही चालत?’’ घरी सुनेची गाडी चुकू नये म्हणून सकाळचा चहा-पाणी, मुलांचे डबे यांतले एखादे काम सासूबाईंनी, नवरोबांनी उचलले तर तिला दहा मिनिटे आधी निघता येते. आठ वाजून दहाच्या गाडीत आणि आठ तेवीसच्या गाडीत किती फरक असतो ते रोज जाणारीलाच विचारा.

शेवटी एक गोष्ट, जी सांगताना जीभ अडखळते. पण विम्याच्या कागदांसारखी ती माहीत असावी. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १२४-अ नावाचे कलम आहे. प्रवासी गाडीतून पडून दगावला किंवा जखमी झाला, तर चूक रेल्वेची होती हे सिद्ध न करताही भरपाई मिळते. आत्महत्या, मुद्दाम करून घेतलेली इजा, दारूच्या नशेत घडलेला प्रकार, गुन्हा करताना झालेला अपघात, आजाराने आलेले मरण, हे सोडून. गाडीत चढताना पडणे हेही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. मृत्यूबद्दलची रक्कम जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, साधारणपणे एका वर्षाच्या आत. त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे. तिकीट सापडले नाही म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, असेही २०१८ चा निकाल सांगतो, पण मग शपथपत्रे, पुरावे, खेटे, हे सगळे आलेच. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या पासाचा फोटो काढून घरी एकाच्या फोनात ठेवावा, पास बदलला की नवा काढावा. आणि आपण नुसते पोचवायला गेलो असलो तरी फलाटाचे तिकीट काढावे. ते जवळ असले तर या कलमापुरते आपणही प्रवासीच धरले जातो.